सॅम्पल फ्लॅटमधून आम्हाला बाहेर काढण्याबाबत

प्रति,
मा. सलोखा अधिकारी,
मावळ परिसर गृहप्रकल्प विकासक स्वनियमन संघ,
ग्राहक समाधान कक्ष, लोणावळा.

विषय : 'ढगमोहोर रेसिडेन्सी' या प्रकल्पाच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये सुखाने नांदत असलेल्या ग्राहक दांपत्याला पाडव्यापूर्वी तिथून बाहेर काढण्याबाबत.

संदर्भ : १) ताबा न मिळाल्याबाबतचा माझा तक्रार अर्ज.
२) त्यावर आपल्या समितीने मला दिलेला तात्पुरता दिलासा.
३) त्या दिलाशाचे पुढे जे झाले ते.

महोदय,

१. मी, खाली सही करणार सोपान रखमाजी कडलक, मूळ राहणार नवलाख उंबरे, हल्ली मुक्काम सॅम्पल फ्लॅट, ढगमोहोर रेसिडेन्सी, इंदुरी रस्ता, विनंतीपूर्वक अर्ज करतो की, तळेगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी निवृत्त होईपर्यंत क्वालिटी खात्यात नोकरीस होतो. गाडीचे सुटे भाग तपासून पास की नापास ते ठरवणे हे माझे काम. नवीन भरती झालेल्या पोरांना मी पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगत असे, की बाबांनो, सॅम्पल पास झाला म्हणजे सगळा लॉट पास झाला असे समजू नका. सॅम्पल माणूस मन लावून करतो, लॉट काय, पाळी उरकण्यात होऊन जातो. हे सांगताना मी उजव्या हाताचे बोट वर करीत असे. त्याच हाताने पुढे मी कशावर सही केली, ते खाली येईलच.

२. गावचे घर भावांना पुरेना म्हणून मी व पत्नी सौ. नंदाबाई तळेगावात भाड्याच्या खोलीत राहत होतो. आपल्या दाराला आपल्या हाताने तोरण बांधावे, एवढी एकच हौस नंदाबाईने आयुष्यात बोलून दाखवली. सबब निवृत्तीनंतर आम्ही उक्त प्रकल्पाचा सॅम्पल फ्लॅट पाहण्यास गेलो. मी सोबत टेप नेली होती. भिंती बोटाने ठोकून पाहिल्या, फरशीवर गोटी सोडून उतार पाहिला, प्रत्येक खिडकी उघडून लावून पाहिली. तेथील विक्री प्रतिनिधी कु. तेजल म्हणाली, "काका, इतकं तर कुणीच तपासत नाही," आणि मी फुगलो. सर्व काही पास झाले व मी करारावर सही केली. प्रत्यक्ष इमारत मी तपासली नाही, कारण ती तेव्हा नव्हती. कारखान्यात असे काम करणाऱ्या माणसाला मी गेटवरूनच घरी पाठवले असते.

३. करारातला ताब्याचा दिवस आला आणि गेला. त्या दिवसाच्या भरवशावर भाड्याची खोली आधीच सोडून बसलो होतो, ही आमची दुसरी हुशारी. 'ब' इमारतीत पहिल्या मजल्यावर जो आमचा फ्लॅट आहे, त्याची आजची स्थिती अशी, की खाली स्लॅब आहे, वर स्लॅब आहे आणि मध्ये खांब आहेत. भिंती, दारे, खिडक्या नाहीत. माहितीपत्रकात 'चारही बाजूंनी हवेशीर, डोंगराचे अखंड दर्शन' असे छापले होते, त्यात खोट काढता येत नाही.

४. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कायद्याने नेमून दिलेल्या ठिकाणी दाद मागण्यास सांगितले होते. मी आपल्या संघाकडे आलो. आपल्या पाटीवर 'आमचे नियमन आम्हीच करतो' असे लिहिले आहे, ते मला फार आवडले. शिवाय विकासक श्री. भिमाजीशेठ यांनी आम्हा दोघांना स्वतःच्या गाडीतून आणले. "कोर्टकचेरीत काय हाय भाऊ, घरातलं घरात मिटवू," असे ते वाटेत म्हणाले, आणि आम्हाला लोणावळ्यात चिक्की घेऊन दिली. सुनावणीला अध्यक्षांच्या खुर्चीवर भिमाजीशेठच बसलेले पाहून मी जरा गोंधळलो. परंतु त्यांनी लगेच जाहीर केले, की स्वतःच्याच प्रकरणाचा निवाडा आपण करणे नीतीला धरून नाही. ते त्या खुर्चीतून उठले, शेजारच्या खुर्चीत बसले आणि अध्यक्षपद त्यांच्या व्याह्यांना दिले. त्यांचा हा त्याग पाहून मी टाळी वाजवली, असे आपल्या इतिवृत्तात नमूद आहे. त्याच वेळी नंदाबाईने मला कोपर मारले, ते नमूद नाही. समितीने असा निर्णय दिला, की ताबा मिळेपर्यंत आम्ही सॅम्पल फ्लॅटमध्ये राहावे. अटी अशा : शनिवारी, रविवारी व सणावारी दार उघडे ठेवावे, मांडलेले सामान हलवू नये, पाहायला येणाऱ्यांशी सौजन्याने वागावे, आणि आम्ही आपण होऊन फ्लॅट सोडल्यास तक्रार मागे घेतली व विकासक सांगेल ती ताब्याची मुदत मान्य केली, असे समजण्यात येईल. ही शेवटची अट मी मोठ्याने वाचली आणि म्हणालो, "मिळालेलं घर सोडून कोण जातंय?" यावर सगळे हसले. मीही हसलो.

५. सॅम्पल फ्लॅट घरासारखा दिसण्यासाठी केलेला असतो, राहण्यासाठी नव्हे, हे आम्हाला राहायला गेल्यावर कळले. खोली मोठी दिसावी म्हणून पलंग मुद्दाम आखूड केला आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे मी जन्मभर दुसऱ्यांना ऐकवत आलो. आता माझ्या पोटऱ्या पलंगाबाहेर लोंबत असतात आणि त्या मला ऐकवतात. टीव्ही पुठ्ठ्याचा आहे. फ्रिज उघडला की दिवा लागतो, गार मात्र काही होत नाही. नळ चकचकीत आहे, पाणी कामगारांच्या टाकीवरून आणावे लागते. टेबलावरची सफरचंदे प्लॅस्टिकची असून त्यांपैकी एक मी चावलेले आहे. दातांची खूण दिसू नये म्हणून ते वळवून ठेवले आहे, याची नोंद घ्यावी. बाल्कनीसमोर धबधब्याचा मोठा फ्लेक्स लावला आहे. त्याच्या मागे श्री. मारुती यांचा गोठा असल्याने सकाळ-संध्याकाळ धबधब्यातून म्हैस रेकते. पाहुणे दचकले की तेजल म्हणते, "निसर्गाच्या अगदी जवळ आहोत आपण."

६. परंतु या कशाबद्दलही माझी तक्रार नाही. खरी अडचण नंदाबाईची आहे. तिच्या माहेरी आणि आमच्याही गावात, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलेल्या माणसाला चहापाण्याशिवाय जाऊ देत नाहीत. तो सोयरा आहे, विजेचे मीटर पाहायला आला आहे की फ्लॅट घ्यायला, याची चौकशी चहा झाल्यावर होते. पहिल्याच शनिवारी एक जोडपे आले. नंदाबाईने त्यांना बसवले, आले ठेचून चहा केला, निघताना बाईला हळदीकुंकू लावले. त्या दोघांनी बाहेर पडून तेजलच्या टेबलावर लगेच बुकिंग केले. मी तिला म्हणालो, "अगं, ही पाहुणे मंडळी नव्हेत, गिऱ्हाइकं आहेत." ती म्हणाली, "आसू द्या की. दारात आल्यालं माणूस काय हाकलून देऊ? आन कुनाच्या जिवावर?"

त्यानंतर विक्री वाढतच गेली. तेजल ही प्रामाणिक मुलगी आहे. तिनेच मला सांगितले, की लोक आता पार्किंगचे विचारत नाहीत, पाण्याचे विचारत नाहीत, 'त्या काकू इथेच राहणार ना?' एवढेच विचारतात. भिमाजीशेठ यांनी प्रकल्पातर्फे आमच्याकडे रोजचे दूध लावून दिले. आले व गवती चहाही येऊ लागला. साहेब, आपणही एकदा पाहणीसाठी आला होतात. आपण दोन कप घेतले होते. इमारतीकडे जायचे मग राहूनच गेले.

७. मी स्वस्थ बसलो असे कृपया समजू नये. येणाऱ्या प्रत्येकाला मी स्पष्ट सांगत असे, की मी फसलेला ग्राहक आहे, मला ताबा मिळालेला नाही, तुम्ही समोरची इमारत बघा. लोक मायेने हसत. पुण्याहून आलेले एक गृहस्थ स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या बरणीकडे बोट करून म्हणाले, "आजोबा, फसलेल्या माणसाच्या घरात असं लोणचं मुरत नसतं." लोणचे खरे होते. मग मी दारावर पाटी लावली : 'सावधान! येथे राहणाऱ्याला अद्याप घर मिळालेले नाही.' लोकांनी पाटीशेजारी उभे राहून फोटो काढले. नाराज ग्राहकालाही आपल्या दारात पाटी लावू देतो, म्हणजे विकासक किती मोकळ्या मनाचा, अशी बोलवा झाली. आठवडा उलटायच्या आत भिमाजीशेठ यांनी माझी पाटी पेंटरकडून चांगल्या अक्षरात रंगवून आणली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फक्त रंगाचा खर्च मला पडला नाही.

८. यथावकाश आपल्या संघाने प्रकल्पाला 'ग्राहकस्नेही' म्हणून मानचिन्ह दिले. माझ्या तक्रारीवर 'तूर्त निकाली. ग्राहक वास्तव्यास असून समाधानी' असा शेरा पडला. जुन्या हायवेला, कामशेतच्या अलीकडे, आम्हा उभयतांचा मोठा फलक लागला. आमच्या हातांत कपबशा आहेत आणि खाली लिहिले आहे, 'आम्ही इथे रमलो. तुम्ही कधी येताय?' मी पवनानगरच्या जीपमध्ये बसलेलो असताना एका मावशींनी आधी फलकाकडे व मग माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "तुमीच न्हवं का ते? लय नशीब काढलंत, भाऊ." मी "व्हय" म्हणालो. फोटोत मीच होतो, त्यामुळे ते खोटे म्हणता येणार नाही. खरे सांगायचे तर फोटो चांगला आला आहे, आणि परतीच्या वाटेवर मी तो पुन्हा दिसावा म्हणून जीपमध्ये डाव्या बाजूला बसलो. माणूस किती स्वस्तात समाधानी होतो, हे आपल्या संघाच्या अभ्यासासाठी कळवून ठेवतो. गेल्या आठवड्यापर्यंत मी आपल्याला जो अर्ज लिहीत होतो, त्याचा विषय 'पलंग लांब करून मिळणेबाबत' असा होता.

९. तो अर्ज मी फाडला, त्याचे कारण पुढीलप्रमाणे. गेल्या रविवारी पवना धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका डोंगरवाडीतून तिघे जण आले : विकास, त्याची बायको छकुली आणि छकुलीची आई सावित्राबाई. लग्नाला अजून वर्ष झालेले नाही. विकास धरणाकाठच्या कॅम्पवर तंबू लावण्याचे काम करतो. "दर शनवारी लोकान्ला तंबू ठोकून देतो काका," तो म्हणाला, "आता आमाला भिंती पायजेत." सावित्राबाई मजुरी करतात. त्यांनी चपला दाराबाहेर, अगदी पायरीच्याही खाली काढल्या आणि फरशीवर पाऊल असे टाकले, की जणू फरशीलाच लागेल. छकुली पहिल्यांदाच घरी आली, म्हणून नंदाबाईने तिची ओटी भरली. शोभेच्या बरण्यांतले तांदूळ गोंदाने चिकटवलेले असल्यामुळे ते तिने आमच्या डब्यातून घेतले.

मी माझे नेहमीचे भाषण सुरू केले. विकासला बाल्कनीत नेऊन, फ्लेक्सच्या कडेने 'ब' इमारत दाखवली. तो भला मुलगा आहे, त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "पर काका, तुमी ऱ्हाताय न्हवं हितं?" राहतो तर होतोच. आत सावित्राबाईंनी नंदाबाईचा हात दोन्ही हातांत धरला होता. त्या म्हणत होत्या, "ताई, तुमी शेजारी हायसा म्हंजी माज्या पोरीचा घोर मिटला." येत्या गुरुवारी, पाडव्याच्या मुहूर्तावर, ते 'ब' इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेणार आहेत. तो बरोबर आमच्या डोक्यावर येतो. त्यासाठी वाडीतली, घरचा भात पिकतो ती आहेत तेवढी सगळी खाचरे विकास भावकीतल्या चुलत्याला विकून टाकणार आहे. एकदा दिली की ती परत मिळत नसतात, हे मावळात कुणाला सांगायला नको.

१०. ते तिघे गेल्यावर नंदाबाईने कपबशा विसळून पालथ्या घातल्या. त्या अजून पालथ्याच आहेत. ती आखूड पलंगाच्या कडेला बसून म्हणाली, "त्या माउलीनं भिताडाकडं बघितलंच न्हाई हो. समदा येळ माज्याकडं बघत हुती." साहेब, मला फार लाज वाटली. जन्मभर खराब माल अडवला आणि म्हातारपणी मीच त्याच्यावरचा पासचा शिक्का होऊन बसलो. नंदाबाईला तर मी कपबशीसकट त्या शिक्क्यात बसवले.

सोमवारी भिमाजीशेठ आले. पाडव्याला सॅम्पल फ्लॅटच्या दारात नंदाबाईच्या हस्ते गुढी उभारायची, फोटोवाला येणार, मुहूर्ताच्या गिऱ्हाइकांना श्रीखंड द्यायचे, असा बेत त्यांनी सांगितला. सोबत जरीची साडी आणि चांदीचा तांब्या आणला होता. नंदाबाईने साडीला हात लावला नाही. ती म्हणाली, "गुढी आपल्या दाराला उभारत्यात. ह्ये दार कुनाचं हाय?" भिमाजीशेठ म्हणाले, "तुमचंच समजा की वहिनी." त्यावर ती म्हणाली, "समजून समजून तर म्हातारी झाले." भिमाजीशेठ साडी आणि तांब्या घेऊन गेले. दुसऱ्या दिवसापासून दूध बंद झाले. या संपूर्ण प्रकरणात स्वतःचे नियमन स्वतः करणारी व्यक्ती मला नंदाबाई ही एवढी एकच आढळली. आपल्या संघाचे सभासद होण्यासाठी काय पात्रता लागते, ते तिच्यासाठी कळवावे.

११. सबब विनंती की, बुधवारपर्यंत आम्हाला सॅम्पल फ्लॅटमधून बाहेर काढण्याचा लेखी आदेश व्हावा. आपण होऊन गेलो तर वरील अट लागू होते, म्हणून कुणीतरी काढणे जरूर आहे. आम्ही गुणी आहोत, आरडाओरडा करणार नाही. भांडी बांधून ठेवली आहेत. कारण म्हणून काय लिहावे असा प्रश्न पडल्यास 'सदर दांपत्याच्या वास्तव्यामुळे इमारत दिसत नाही' असे लिहावे. हायवेवरचा फलक उतरवावा. 'समाधानी' हा शेरा काढून त्या जागी काय लिहायचे ते आपल्या सवडीने ठरवावे, तो शब्द मात्र काढावा.

१२. आदेश न आल्यास आम्ही बुधवारी संध्याकाळी आपण होऊन निघणार आहोत. अटीप्रमाणे आमची तक्रार संपेल आणि ताबा भिमाजीशेठ यांच्या मर्जीवर जाईल, हे मी नंदाबाईला दोनदा समजावून सांगितले. ती म्हणाली, "आता तरी कुनाच्या मर्जीवर हाय?" आपल्याकडची तक्रार संपली, की मी कायद्याने नेमलेल्या ठिकाणी पहिल्यापासून सुरुवात करीन. तिथे माझी कुणाशी ओळख नाही, आणि या वेळी तेच बरे वाटते.

१३. आमचा नवीन पत्ता : पहिला मजला, 'ब' इमारत, ढगमोहोर रेसिडेन्सी. होय, आमचाच फ्लॅट. गुरुवारी सकाळी नंदाबाई तिथे गुढी उभारणार आहे. दार नसल्यामुळे काठी खांबातून बाहेर आलेल्या सळईला बांधू. साडी तिची लग्नातली आहे, तांब्या घरचा आहे, कडुलिंब मारुतीच्या गोठ्याजवळचा मिळेल. जिन्याला कठडा नाही, म्हणून मी दोर बांधून घेतला आहे. गुढी गेटवरून दिसेल. मुहूर्तावर आलेली माणसे ती कुणाची म्हणून विचारतीलच, तेव्हा तेजल त्यांना वर पाठवणार आहे. मी तिला तसे सांगितलेले नाही, तिनेच मला सांगितले. स्टोव्ह बुधवारी वर नेऊ आणि चहा मग तिथे मिळेल. विकास, छकुली आणि सावित्राबाई यांना निरोप गेला आहे. सावित्राबाईंना नंदाबाई हाताला धरून वर आणील, चारी बाजूंनी फिरवील आणि मग बसायला पाट देईल.

आपणही यावे. आल्याचा चहा तोच आहे आणि या खेपेला दूध आमच्या पैशाचे आहे. फक्त एवढी मेहेरबानी करावी, की कप हातात घेतल्यावर नंदाबाईकडे न बघता घराकडे बघावे.

कळावे, आणि वर यावे.

आपला नम्र व बुधवारपर्यंतचा रहिवासी,

(सही)
सोपान रखमाजी कडलक

वरील मजकूर मला वाचून दाखवला, बरोबर आहे :
(सही) सौ. नंदाबाई सोपान कडलक

स्थळ : इंदुरी रस्ता, ता. मावळ, जि. पुणे
दिनांक : १३ मार्च २०२६

सोबत :
१) प्रकल्पाचे नवे माहितीपत्रक, ज्यात आम्ही आहोत.
२) आमच्या फ्लॅटचा फोटो, ज्यात अजून कुणी नाही.